'लोन सँक्शन झालं' आणि 'रशियावर सँक्शन लागलं': एमबीएच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी नेमकं कुठे अडतं

बँकेतून फोन येतो, 'तुमचं लोन सँक्शन झालं.' घरात पेढे. त्याच संध्याकाळी बातम्यांत ऐकू येतं, 'युरोपने रशियावर नवे सँक्शन लादले.' शब्द एकच. एकदा त्याचा अर्थ परवानगी, दुसऱ्यांदा शिक्षा. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, आणि परीक्षेचा पेपर काढणाऱ्याला नेमका असाच शब्द हवा असतो.

उन्हाळा सरला की नाशिकच्या कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर एमबीएच्या तयारीचा हंगाम सुरू होतो. झेरॉक्सच्या दुकानांत 'तीन हजार महत्त्वाचे शब्द' असे गठ्ठे बांधून निघतात. मुलं ए पासून पाठ करायला बसतात आणि डी येईपर्यंत ए विसरतात. त्यातूनही ज्यांची यादी पूर्ण होते, त्यांची तक्रार वेगळीच असते: शब्द पाठ आहे, तरी उत्तर चुकतं. त्यांची स्मरणशक्ती कमी असते असं नाही. यादी एका प्रश्नाचं उत्तर देते आणि परीक्षा दुसराच प्रश्न विचारते.

आधी कळू द्या, तुमची परीक्षा शब्द विचारते तरी का

सगळ्या प्रवेश परीक्षांना एकच औषध चालत नाही.

राज्याच्या एमबीए सीईटीत 200 प्रश्न आणि 150 मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. त्यातले 50 प्रश्न इंग्रजीचे. समानार्थी, विरुद्धार्थी, रिकाम्या जागा, वाक्प्रचार, उतारे असा सरळ कारभार. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे अर्धवट माहीत असलेला शब्दही इथे कामाला येतो. स्नॅप ही सिंबायोसिसची परीक्षा. आपल्याच शहरातल्या त्यांच्या ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या संस्थेचा रस्ता तिच्यातूनच जातो. तिथे 60 मिनिटांत 60 प्रश्न, त्यात इंग्रजीचे 15, आणि चुकलं की पाव गुण जातो.

आयआयएमच्या प्रवेशाच्या कॅटचं गणित वेगळं. तिथे 'या शब्दाचा अर्थ सांगा' असा थेट प्रश्न गेली अनेक वर्षं दिसत नाही. अलीकडच्या पेपरांत इंग्रजीच्या विभागात 24 प्रश्न आणि 40 मिनिटं. त्यातले 16 प्रश्न उताऱ्यांवरचे, उरलेले विस्कटलेली वाक्यं जुळवण्याचे आणि सारांशाचे. शब्द तिथेही लागतात, पण ते उताऱ्यात दबा धरून बसलेले असतात. परदेशातल्या बिझनेस स्कूलसाठीची जीमॅटही शब्दार्थ थेट विचारत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या रूपात तर वाक्य दुरुस्तीचे प्रश्नही गेले. आता 45 मिनिटांत 23 प्रश्न, सगळे उताऱ्यांवरचे किंवा युक्तिवादावरचे.

खरी शब्दांची परीक्षा म्हणजे जीआरई. परदेशातल्या बहुतेक बिझनेस स्कूल आणि आपल्याकडची हैदराबादची आयएसबीसुद्धा जीमॅटऐवजी जीआरई चालवून घेते. ऑगस्ट 2011 मध्ये तिने विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न काढून टाकले. सप्टेंबर 2023 पासून ती आणखी आटोपशीर झाली: इंग्रजीचे 27 प्रश्न, दोन भागांत मिळून 41 मिनिटं. त्यातले साधारण निम्मे रिकाम्या जागांचे, आणि जो काही शब्दांचा डोंगर आहे तो तिथेच.

त्यामुळे फक्त कॅट द्यायची असेल आणि कुणी तीन हजारांचा गठ्ठा हातात ठेवला, तर तो परत करा. त्या वेळात रोज एक मोठा लेख वाचून होईल.

कवडीचुंबक सासरे

समजा, लग्नाच्या बैठकीत कुणी म्हणालं, 'मुलीचे वडील फार काटकसरी आहेत हो.' हे कौतुक झालं. तोच माणूस म्हणाला, 'फार कवडीचुंबक आहेत,' तर बैठक तिथेच मोडेल. शब्दकोशात दोघांच्या समोर 'पैसे कमी खर्च करणारा' असंच काहीसं सापडेल. मराठी माणसाला त्यातला फरक शिकवावा लागत नाही, कारण तो शब्द कुणाच्या तोंडून, कुठल्या चेहऱ्याने येतो हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं.

इंग्रजीतही हीच उतरंड आहे. 'फ्रूगल' आणि 'थ्रिफ्टी' म्हणजे काटकसरी. 'पार्सिमोनियस' म्हणजे चिक्कू. 'मायझरली' म्हणजे सरळ कवडीचुंबक. यादीत मात्र चौघांपुढे 'कंजूष' लिहिलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो. बोलण्याचंही तसंच. 'आर्टिक्युलेट' हा मुद्देसूद बोलणारा, 'लोक्वेशस' बोलघेवडा, 'गॅरुलस' हा नको त्या गोष्टी उगाळत बसणारा बडबड्या. 'रेझोल्यूट' माणूस ठाम असतो, 'ऑब्स्टिनेट' हट्टी असतो, आणि 'ऑब्ड्युरेट' इतका निबर की त्याला पाझर फुटत नाही.

शब्दाच्या या झुकावाला आपण 'कल' म्हणू. शब्द कौतुकाकडे झुकतो का, टीकेकडे, की मध्येच उभा आहे? पाठ करताना शब्दापुढे अधिक, वजा किंवा शून्य एवढं एक चिन्ह काढलं तरी अर्धं काम होतं. कॅटच्या उताऱ्याखाली 'लेखकाचा सूर कसा आहे' असा प्रश्न येतो आणि पर्यायांत 'लॉडेटरी' (स्तुतीचा), 'डिसमिसिव्ह' (उडवून लावणारा), 'अँबिव्हॅलंट' (दोन्ही बाजूंनी मन ओढलेला), 'सार्डॉनिक' (कडवट उपहासाचा) असे शब्द ठेवलेले असतात. उतारा पूर्ण समजला आणि पर्याय समजला नाही, यासारखं दुखणं नाही. असे सूर सांगणारे तीस-चाळीस शब्द कॅटवाल्यांनीही पक्के करावेत.

अनोळखी शब्द नाही, ओळखीचा शब्द घात करतो

'लॅक्रिमोस' दिसला की निदान कळतं, हा आपल्याला येत नाही. माणूस सावध होतो. 'चेक' दिसला की कोण सावध होतो?

'मेजर्स टू चेक इन्फ्लेशन' म्हणजे महागाई तपासण्याचे उपाय नव्हेत, तर तिला लगाम घालण्याचे. खरं तर हा अर्थ आपल्या फार जवळचा आहे. बुद्धिबळातला 'चेक' म्हणजे आपला 'शह', आणि हे दोन्ही शब्द मुळात फारसीतल्या 'शाह'वरून, म्हणजे राजावरून, आलेले आहेत. राजाला शह देणं, मग कुणालाही अडवणं, आणि त्यातून फार पुढे तपासणं. आपण शेवटचा अर्थ उचलला. परीक्षा मधला विचारते.

'क्वालिफाय'चं तसंच. आपला क्वालिफाय झालेला उमेदवार म्हणजे पात्र ठरलेला. पण 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे पात्र माणसांचा पाठिंबा नाही; अटी घालून, हातचं राखून दिलेला पाठिंबा. मग 'अनक्वालिफाइड सक्सेस' म्हणजे? अपात्र माणसाला मिळालेलं यश असं वाटतं. प्रत्यक्षात ते निर्भेळ यश, ज्यात 'पण' घालायला जागाच नाही.

'टेंपर' म्हणजे राग हे सगळ्यांना ठाऊक. क्रियापद म्हणून आला की त्याचा अर्थ बरोबर उलट: सौम्य करणं, धार कमी करणं. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा. पण 'इंटरेस्ट फ्लॅग्ड' म्हणजे उत्साह गळून गेला. 'अपॉलॉजिस्ट' माफी मागत नाही, तो एखाद्या बदनाम विचाराची वकिली करतो. 'पेडेस्ट्रियन' हा पादचारी, पण 'पेडेस्ट्रियन प्रोज' म्हणजे रटाळ, कसलीही चमक नसलेलं लेखन. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे कंटाळलेला नव्हे. इथला इंटरेस्ट म्हणजे हितसंबंध, त्यामुळे हा शब्द नि:पक्षपाती माणसासाठी. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असलाच पाहिजे. अनइंटरेस्टेड असला तर खटला बुडाला. 'टेबल'ची तर कमालच आहे: ब्रिटिश इंग्रजीत प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला मांडणं, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवून देणं. जीआरई, जीमॅट अमेरिकेतल्या परीक्षा आहेत, हे इथे लक्षात असू द्यावं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. सरकारी आणि कोर्टकचेरीच्या इंग्रजीने काही शब्दांचे आडवळणाचे अर्थ आपल्याला आयतेच दिले आहेत. 'तहसीलमध्ये माझा अर्जच एंटरटेन करत नाहीत' असं गावाकडचा माणूससुद्धा म्हणतो. 'एंटरटेन अ‍ॅन आयडिया', कल्पनेची दखल घेणं, हा परीक्षेतला अर्थ त्याहून वेगळा नाही. कोर्टात माफीनामा 'टेंडर' करतात. टेंडर म्हणजे रीतसर पुढे करणं. हे अर्थ तोंडात आहेत, फक्त त्यांना परीक्षेच्या खोलीत कुणी बोलावलेलं नसतं.

दुसरी टोळी तोतयांची. यांचा चेहरा एकाचा आणि धंदा दुसऱ्याचा. 'एनर्व्हेट' ऐकून 'एनर्जी' आठवते, पण अर्थ उलट: शक्ती काढून घेणं, गलितगात्र करणं. 'नॉयसम'चा गोंगाटाशी काही संबंध नाही. तो म्हणजे घाणेरडा, दुर्गंधीचा, अपायकारक. 'रेस्टिव्ह' माणूस विश्रांती घेत नसतो, तो चुळबुळत असतो. 'मेरेट्रिशस' आणि 'मेरिटोरियस' शेजारी ठेवले तर जुळे वाटतात. पहिला म्हणजे वरवरचा भपका, दुसरा म्हणजे गुणवंत. 'इनव्हॅल्युएबल'मधलं 'इन' नकार आणत नाही, तो अनमोलच असतो. आणि 'डिस्क्रीट' नावाचे दोन शब्द आहेत, उच्चार अगदी एक. स्पेलिंगमध्ये शेवटचे दोन ई एकमेकांना चिकटून असतील तर अर्थ तोलूनमापून वागणारा. मध्ये टी घुसून त्यांना वेगळं करत असेल तर अर्थही वेगळे, सुटेसुटे.

हे शब्द मिळून दीडशेच्या आसपास भरतात. वेळ कमी असेल तर यादीतलं बाकी सगळं सोडून आधी हे करावेत.

रिकामी जागा भरताना पर्याय झाका

जीआरईतली रिकामी जागा एक ते तीन गाळलेल्या शब्दांची असते. तीन जागा असतील तर तिन्ही बरोबर आल्या तरच गुण. दोन बरोबर आल्याचं बक्षीस नाही. इथे वाक्यातल्या तर्काचं काम जास्त असतं, म्हणून मराठीच वाक्य घेऊ:

'समितीच्या शिफारशी वरवर पाहता ____ वाटतात. प्रत्यक्षात मात्र त्या इतक्या ____ आहेत की कुठलंही खातं म्हणू शकेल, आम्ही त्या पाळल्या.'

पहिल्या जागेचे पर्याय: 'टिमिड', 'स्ट्रिंजंट', 'हॅकनीड'. दुसऱ्या जागेचे: 'नेब्युलस', 'एक्झॅक्टिंग', 'प्रोहिबिटिव्ह'.

पर्यायांवर हात ठेवा. आता सोपी जागा कोणती ते बघा. दुसरी. कुठलंही खातं 'पाळल्या' म्हणू शकतं, म्हणजे शिफारशी मोघम आहेत. मनात आपला शब्द आला: मोघम. मग 'वरवर पाहता' आणि 'प्रत्यक्षात मात्र' यांनी वाक्याला कलाटणी दिली आहे, म्हणजे पहिल्या जागी मोघमच्या उलट काहीतरी: कडक. हात काढा. 'नेब्युलस' म्हणजे ढगाळ, धूसर. 'स्ट्रिंजंट' म्हणजे कडक. 'हॅकनीड' म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेला, हे माहीत नसलं तरी बिघडलं नाही.

बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी पर्याय वाचतात, मग प्रत्येक शब्द वाक्यात बसवून कानाला कसा वाटतो ते बघतात. कानाला सगळेच बरे वाटतात. पेपर काढणाऱ्याने ते तसेच निवडलेले असतात.

दुसरा प्रकार सहा पर्यायांतून दोन निवडण्याचा. दोन्ही शब्दांनी वाक्याचा अर्थ एकच झाला पाहिजे. वाक्य घ्या: 'अवकाळीने घड झडले, भाव पडले, तरी बागायतदारांच्या बैठकीचा सूर ____ होता, पुढचा हंगाम सगळं भरून काढेल असंच जो तो म्हणत होता.' पर्याय: 'लॅक्रिमोस', 'सँग्विन', 'लॅकॉनिक', 'मोरोस', 'बॉयंट', 'प्रोव्हिन्शियल'.

इथे सापळा आहे. अवकाळी, पडलेले भाव, शेतकरी एवढं वाचलं की डोक्यात रडका सूर तयार होतो. 'लॅक्रिमोस' (अश्रू ढाळणारा) आणि 'मोरोस' (खिन्न) ही जोडीही बाजूला सजवून ठेवलेली आहे. पण 'तरी' हा शब्द आणि शेवटच्या स्वल्पविरामानंतरचं वाक्य सांगतं की सूर आशेचा होता. 'बॉयंट' म्हणजे पाण्यावर तरंगणारा, म्हणून उभारी असलेला. 'सँग्विन' लॅटिनमधल्या रक्तावरून आला. अंगात रक्त जास्त असलेला माणूस आनंदी आणि आशावादी असतो अशी जुन्या युरोपीय वैद्यांची समजूत होती. (त्याचा भाऊ 'सँग्विनरी' मात्र खरोखर रक्तपाताचा. तोही तोतयांच्या टोळीत टाका.)

समानार्थी जोडी दिसली की उत्तर सापडलं, हा इथला सर्वांत महागडा गैरसमज. चुकीची जोडी मुद्दाम ठेवलेली असते, आणि कधी वाक्यात चपखल बसणारा पण जोडीदार नसलेला एखादा शब्दही.

शब्दांची मुळं शिकून डोंगर निम्मा होतो का

क्लासमधला लाडका सल्ला: लॅटिन आणि ग्रीक मुळं शिका, हजारो शब्द फुकट. यात तथ्य आहे, पण जेवढं सांगतात तेवढं नाही.

निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग आठवा. जमिनीत असतो तो डॉगरिजसारखा खुंट, आणि वर कलम केलेलं असतं थॉमसन किंवा शरद सीडलेस. खुंट पाहून वेल पाण्याचा ताण सोसेल का, क्षार सोसेल का, याचा अंदाज येतो. घड हिरवा लागणार की काळा, हे खुंट सांगत नाही. ते कलमावर ठरतं.

शब्दाचं मूळ म्हणजे हा खुंट. 'लोक्व' म्हणजे बोलणं, त्यामुळे 'लोक्वेशस', 'एलोक्वंट', 'ग्रँडिलोक्वंट' यांचा बोलण्याशी संबंध आहे इतकं कळतं. त्यातला कौतुकाचा कोणता आणि टिंगलीचा कोणता, ते कळत नाही. ('एलोक्वंट' कौतुकाचा, 'ग्रँडिलोक्वंट' म्हणजे बडे बडे शब्द फेकणारा.) कधी तर दोन वेगळे खुंट सारखे दिसतात. 'पेडेस्ट्रियन'मधला 'पेड' लॅटिनचा, म्हणजे पाऊल. 'पेडिअ‍ॅट्रिक'मधला ग्रीकचा, म्हणजे मूल.

मराठी मुलांना इथे एक फायदा आहे आणि तो कुणी वापरत नाही. सर विल्यम जोन्सनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं मांडलं. हे नातं आपल्याला शाळेतल्या संस्कृतमुळे, नाहीतर रोजच्या तत्सम शब्दांमुळे आयतं मिळतं. पद आणि 'पेड', दंत आणि 'डेंट', नाम आणि 'नॉमिन', नव आणि 'नोव्ह', अग्नी आणि 'इग्नि', मृत आणि 'मॉर्ट'. 'नॉमिनल' म्हणजे नावापुरता, 'नोव्हिस' म्हणजे नवशिका, 'मॉरिबंड' म्हणजे मरणपंथाला लागलेला. आपला अभावाचा 'अ' ग्रीकमध्येही आहे: 'अमॉर्फस' म्हणजे आकार नसलेला.

चाळीसएक मुळं आणि पंधरा-वीस उपसर्ग पुरे. त्यांचा उपयोग शब्द ओळखायला नाही, लक्षात ठेवायला. आधी अर्थ बघावा, मग मूळ. उलट केलं की 'एनर्व्हेट' पुन्हा एनर्जी होऊन बसतो.

'ऑल बट' आणि मंडळी

ही छोटी मंडळी यादीत कधी नसतात. कॅट आणि जीमॅटमध्ये मात्र मोठ्या शब्दांपेक्षा हीच जास्त गुण खातात.

'द प्रोजेक्ट इज ऑल बट डेड' याचा अर्थ प्रकल्प जवळपास मेल्यात जमा. 'द प्रोजेक्ट इज एनिथिंग बट डेड' याचा अर्थ तो मेलेला तर मुळीच नाही. एका शब्दाचा फरक आणि उताऱ्याचा निष्कर्ष उलटा. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे असं असूनही. 'अल्बिट' दिसतो, पण उच्चार 'ऑल-बी-इट', अर्थ 'जरी... तरी'. 'लेस्ट' म्हणजे न जाणो तसं होऊ नये म्हणून. 'सेव्ह' हा नामाआधी एकटाच आला तर वाचवणं नाही, 'वगळता'. 'इन्सोफार अ‍ॅज' म्हणजे ज्या मर्यादेपर्यंत, तिच्यापुढे नाही.

युक्तिवादाच्या प्रश्नांत आणखी काही: 'अंडरमाइन' म्हणजे युक्तिवादाच्या पायाखालची माती काढणं, 'प्रिसपोज' म्हणजे न सांगता गृहीत धरणं, 'अकाउंट फॉर' म्हणजे कारण उलगडून दाखवणं. यातला शेवटचा 'हिशेब देणं' म्हणून वाचला की प्रश्नच कळत नाही. ही मंडळी मिळून पन्नासच्या वर नाहीत. एका आठवड्याचं काम.

लक्षात राहावं म्हणून

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि किती वेळाने किती उरतं ते मोजायचं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि नंतर मंदावतं, असं त्याला दिसलं. म्हणून रविवारी एका बैठकीत शंभर शब्द घोकणं म्हणजे वाफ्यात एकदम पाट सोडणं. बरंचसं पाणी बांधावरून जातं. ठिबक लावायचं असेल तर तोच शब्द 1, 3, 7, 16 आणि 35 दिवसांनी पुन्हा समोर आला पाहिजे.

हिशेब असा. रोज 10 नवे शब्द, आठवड्यातले सहा दिवस. दहा आठवड्यांत 600. गाडी रुळली की रोज 10 नवे आणि साधारण 50 जुने समोर येतात. नव्या शब्दाला दोन मिनिटं, जुन्याला दहा-बारा सेकंद. दोन्ही मिळून अर्धा तास. सिन्नरहून रोज एसटीने येणाऱ्याला जुन्यांची फेरी बसमध्येच उरकता येते. रोज 30 नवे घेतले तर पहिला आठवडा मजेत जातो आणि तिसऱ्या आठवड्यात जुन्यांचा ढीग इतका होतो की सगळंच सुटतं. तयारी मोडते ती बहुतेक वेळा इथे.

कार्ड कागदाचं असो की मोबाइलमधलं, त्यावर सुटा शब्द लिहू नये. 'क्वालिफाइड'चं कार्ड बघा. पुढच्या बाजूला पूर्ण वाक्य: 'द कमिटी गेव्ह ओन्ली क्वालिफाइड सपोर्ट टू द प्लॅन', शब्दाखाली रेघ. मागे मराठी अर्थ, दोन शब्दांत: हातचं राखून. त्याखाली कल: किंचित वजा. मग हा शब्द कुणासोबत फिरतो: सपोर्ट, अप्रूव्हल, सक्सेस. शेवटी गोंधळ कशाशी: पात्र; आणि 'अनक्वालिफाइड' म्हणजे निर्भेळ. चार ओळी, पाचवी नको. ज्या कार्डावर सहा अर्थ लिहिले जातात ते कार्ड पुन्हा कुणी उचलत नाही.

कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचं. नुसतं उलटून 'हो हो, माहीत होतं' असं वाटणं म्हणजे ओळख पटणं. आठवणं ही निराळी गोष्ट. अडखळलेलं कार्ड पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात परत जातं, मग ते कितीही जुनं असो.

'पण आम्ही मराठी माध्यमातले...'

ही शंका सगळ्यात जास्त येते आणि तिचं उत्तर दोन भागांत आहे. 'ऑब्ड्युरेट', 'पार्सिमोनियस' हे शब्द इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्याही घरात कुणी बोलत नाही. त्या शब्दांपुढे दोघेही सारखेच नवखे. फरक वाचनाच्या वेगात असतो, आणि तो खरा असतो. तो कार्डांनी भरून निघत नाही, वाचूनच निघतो.

'इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच लिहा' हा सल्ला मात्र डोळे झाकून पाळायचं कारण नाही. 'ऑब्ड्युरेट'पुढे तीन ओळींची इंग्रजी व्याख्या लिहिण्यापेक्षा 'निबर' हा एक शब्द जास्त नेमका बसतो. 'परफंक्टरी'पुढे 'पाट्या टाकणं' लिहा, जन्मात विसरणार नाही. धोका एवढाच की मराठी प्रतिशब्द ढोबळ निवडला, चौघांपुढे 'कंजूष' लिहिलं, की गाडी पुन्हा झेरॉक्सच्या गठ्ठ्याशी येते.

'रोज इंग्रजी पेपर वाचला की झालं, नाही का?'

पेपर वाचावाच. 1840 साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे आहे. बसून वाचायला जागा नाही अशी तक्रार नाशिककराने करू नये. पण बातमी आणि उतारा यांत फरक आहे. बातमीचं इंग्रजी मुद्दाम सोपं ठेवलेलं असतं. उताऱ्यात माणसं एखाद्या मताशी भांडत असतात, म्हणून संपादकीय पान, पुस्तक परीक्षणं, इतिहास किंवा विज्ञानावरचे लांब लेख जास्त उपयोगाचे. आणि वाचताना प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडला तर लेख संपत नाही. पहिल्या वाचनात अडलेल्या शब्दावर फक्त टिंब, शेजारी अंदाजाने अधिक किंवा वजा. लेख संपल्यावर त्यातले चार-पाचच शब्द शोधायचे. कलाचा अंदाज चुकलेले शब्द कार्डावर घ्यायचे, बरोबर आलेले सोडून द्यायचे.

परीक्षेच्या शेवटच्या दहा दिवसांत नवा शब्द एकही घेऊ नये. तेव्हा टेबलावर दोनच गठ्ठे ठेवावेत: पुन्हा पुन्हा पहिल्या दिवसावर परतलेली कार्डं, आणि ओळखीच्या चेहऱ्याच्या त्या दीडशे शब्दांची. दुसऱ्या गठ्ठ्यात सगळ्यात वर 'सँक्शन'.